युरोपीय चित्रकादंबऱ्यांचे परीक्षण कसे लिहावे: नव्या परीक्षकांसाठी काही पायऱ्या

माझे पहिले परीक्षण संपादकांनी परत पाठवले, तेव्हा समासात त्यांनी एकच ओळ लिहिली होती : हे पुस्तक चित्रांचे आहे, हे तुमच्या लेखातून कळत नाही. बाराशे शब्दांच्या त्या मजकुरात मी कथानक सविस्तर सांगितले होते, लेखकाचा परिचय दिला होता, अगदी अनुवादाच्या भाषेवरही दोन परिच्छेद खर्च केले होते. चित्रकाराच्या वाट्याला मात्र ‘चित्रे देखणी आहेत’ एवढेच आले होते. मराठीतून असे परीक्षण लिहू लागणारे बहुतेक जण याच खड्ड्यात पडतात, कारण कादंबरीचे परीक्षण कसे लिहितात ते आपल्याला ठाऊक असते आणि चित्रकादंबरी म्हणजे चित्रे घातलेली कादंबरी, असे आपण गृहीत धरून चालतो.

आपल्या वाचकाची अडचण आणखी वेगळी आहे. ही पुस्तके महाग असतात, सगळीकडे मिळत नाहीत आणि मिळाली तरी बहुधा इंग्रजी अनुवादात मिळतात. त्यामुळे तुमचे परीक्षण वाचणाऱ्याने ते पुस्तक पाहिलेले नसते, आणि कदाचित पुढेही तो ते पाहणार नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर निदान एक पान उभे करणे हे तुमचे पहिले काम आहे. पुस्तक चांगले की वाईट, हे त्यानंतर.

कामाला बसण्यापूर्वी जवळ काय असावे

- पुस्तकाची छापील प्रत. पडद्यावर एकेक चौकट मोठी करून वाचल्यास समोरासमोरच्या दोन पानांचा एकत्रित परिणाम हातून निसटतो.
- मोजपट्टी आणि साधे भिंग.
- चिकटचिठ्ठ्या आणि वही. पुस्तकात पेनाने खुणा करू नका. नंतर एखाद्या पानाचे छायाचित्र घ्यावे लागते.
- शक्य असल्यास मूळ भाषेतील प्रत, किंवा निदान तिची काही पाने. अनेक प्रकाशक आपल्या संकेतस्थळावर सुरुवातीची पाने ठेवतात. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांना आलियाँस फ्रान्सेज आणि मॅक्सम्युलर भवन यांच्या ग्रंथालयांचा उपयोग होतो. भाषा येत नसली तरी पान कसे मांडले आहे ते पाहता येते.
- नावांच्या उच्चारांची स्वतःची यादी. ‘टिनटिन’चा जनक झॉर्झ रेमी याने आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटून ‘आर. जी.’ केले, आणि त्याचा फ्रेंच उच्चार म्हणजे ‘एर्जे’. इंग्रजी वळणाने ‘हर्ज’ असे लिहिले, की जाणता वाचक पहिल्याच ओळीत विश्वास गमावतो.

१. हातातले पुस्तक नेमके कोणते आहे, ते ठरवा

युरोपीय कॉमिक्स अशी एकच एक परंपरा नाही. फ्रान्स-बेल्जियममध्ये या प्रकाराला ‘बांद देसिने’ म्हणतात, म्हणजे चित्रांची पट्टी. इटलीत ‘फुमेत्ती’ म्हणतात, कारण संवादांचे फुगे धुराच्या लहान लोटांसारखे दिसतात. स्पेनमध्ये ‘तेबेओ’ हा शब्द १९१७ साली बार्सिलोनात सुरू झालेल्या ‘टीबीओ’ या नियतकालिकाच्या नावावरून रूढ झाला. पुस्तक कोणत्या परंपरेतून आले आहे ते कळले, की त्याचा आकार आणि पृष्ठसंख्या यांचा अर्थ लागू लागतो.

फ्रेंच-बेल्जियन अल्बमचा (चित्रकथेच्या पुस्तकाला तिकडे अल्बम म्हणतात) रूढ साचा म्हणजे मोठा आकार, पुठ्ठ्याची बांधणी, रंगीत छपाई आणि अठ्ठेचाळीस पाने. इटलीत १९४८ पासून चालू असलेली ‘टेक्स’ ही काउबॉय मालिका वृत्तपत्रांच्या टपरीवर मिळणाऱ्या लहान आकाराच्या, कृष्णधवल मासिक पुस्तिकांची आहे. अल्बममध्ये चित्रकार एका पानासाठी कित्येक दिवस घालवू शकतो. मासिक पुस्तिकेत रेषेला वेग असावा लागतो. दोन्हींना एकच मोजपट्टी लावून ‘टेक्स’ची पार्श्वचित्रे ओकीबोकी आहेत असे लिहिणे म्हणजे दैनिकातल्या सदराला प्रबंधाचे निकष लावणे होय. पॅरिसमध्ये १९९० साली काही चित्रकारांनी ‘लासोसिआसिओं’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, तीच मुळी या अठ्ठेचाळीस पानी रंगीत साच्याला कंटाळून. तेथील पुस्तके लहान, कृष्णधवल आणि हवी तितक्या पानांची असत.

यानंतर आवृत्ती पाहा. पहिले प्रकाशन कुठे व कधी झाले, हातातली आवृत्ती कोणत्या वर्षाची आहे आणि मधल्या काळात काय बदलले, हे नोंदवल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी स्वतः एकदा ह्यूगो प्रातच्या ‘कोर्तो माल्तेझे’च्या एका आवृत्तीतील रंगयोजनेवर मोठ्या उत्साहाने लिहिले, समुद्राचा निळा आणि संध्याकाळचा पिवळा यांत मला कथेचा सगळा भाव सापडला होता. ही मालिका १९६७ साली इटलीत सुरू झाली ती कृष्णधवल, आणि माझ्या हातातले रंग नंतरच्या आवृत्तीत आले होते, हे मला परीक्षण छापून आल्यावर एका वाचकाच्या पत्रातून समजले.

शेवटी, पुस्तक स्वतंत्र आहे की मालिकेतील एक खंड आहे, तेही तपासा. होदोरोव्स्की आणि मोबियस यांची ‘इन्कल’ ही सहा खंडांतून सलग चालणारी कथा आहे. तिचा दुसरा खंड वाचून ‘शेवट अर्धवट वाटतो’ असे लिहिले, तर दोष लेखकाचा राहत नाही.

२. तीन वेळा वाचा

पहिले वाचन सामान्य वाचकासारखे, न थांबता करावे. दुसऱ्या वाचनात शब्द वाचूच नयेत. फक्त चौकटी पाहत जावे आणि कथा कुठपर्यंत कळते ते नोंदवावे. तिसऱ्या वाचनात वही उघडावी.

दुसऱ्या वाचनात उजव्या हाताच्या पानाच्या तळाशी असलेल्या शेवटच्या चौकटीकडे विशेष लक्ष द्या. जुने अल्बम आधी नियतकालिकांत क्रमशः येत. टिनटिन १० जानेवारी १९२९ रोजी ब्रुसेल्सच्या एका दैनिकाच्या मुलांसाठीच्या पुरवणीत अवतरला आणि आठवड्याला दोन पाने या गतीने पुढे सरकत राहिला. पुढच्या आठवड्यापर्यंत वाचकाला धरून ठेवण्यासाठी दर दोन पानांच्या अखेरीस काहीतरी अडकलेले, लोंबकळलेले असायलाच हवे होते. पुस्तकरूपात हीच युक्ती पान उलटायला लावते. आजचा चित्रकार ही सवय पाळतो की मुद्दाम मोडतो, यावर परीक्षणात दोन चांगली वाक्ये निघतात.

३. एक पान निवडा आणि ते शब्दांत उभे करा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची असल्यामुळे तिच्यासाठी जास्त वेळ ठेवा. सगळ्या पुस्तकाची चित्रशैली दोन विशेषणांत गुंडाळण्याऐवजी एकच पान घ्यावे आणि त्यात काय आहे ते आधी निव्वळ वर्णन म्हणून लिहावे.

मार्जान सत्रापी यांच्या ‘पर्सेपोलिस’चे पहिले पान पाहा. हे आत्मकथन २००० ते २००३ या काळात फ्रेंचमध्ये चार खंडांत आले. पहिल्या चौकटीत डोक्यावर काळा रुमाल घेतलेली दहा वर्षांची मुलगी आपल्याकडे पाहत बसली आहे, आणि हे १९८० साल आहे असे निवेदन सांगते. शेजारच्या चौकटीत तिच्या वर्गाचे छायाचित्र आहे. त्यात तसेच रुमाल घेतलेल्या चार मुली ओळीने बसल्या आहेत, आणि निवेदिका मात्र सर्वांत डावीकडे असल्यामुळे चौकटीच्या कडेने कापली गेली आहे. तिचा थोडासाच भाग दिसतो. ती इतर मुलींची नावे एकेक करून सांगते.

आता अर्थाकडे वळा. पहिल्या चौकटीत जी एकटी आणि पूर्ण दिसते, ती दुसऱ्या चौकटीत समूहात शिरताच कापली जाते. क्रांतीनंतरच्या इराणमध्ये एका मुलीच्या व्यक्तित्वाचे काय झाले, हे निवेदनाने सांगण्याआधी चौकटीच्या कडेने सांगून टाकले आहे. सत्रापी करड्या छटा वापरत नाहीत, काळा आणि पांढरा एवढेच. त्यामुळे चार रुमालांचे काळे आकार आधी डोळ्यांत भरतात आणि चेहरे निरखून वेगळे करावे लागतात. नावे सांगण्याची गरज तिथूनच निर्माण होते. ‘रेखाटन साधे पण प्रभावी आहे’ या वाक्यातून यांतले काहीच वाचकापर्यंत पोहोचले नसते.

येथे एक सापळा आहे. आपण निवडतो ते पान बहुधा पुस्तकातले सर्वांत नेत्रदीपक पान असते, आणि त्यावरून वाचकाला उरलेल्या पुस्तकाचा चुकीचा अंदाज येतो. म्हणून मी दोन पाने निवडतो. एक मला आवडलेले, आणि दुसरे डोळे मिटून बोट ठेवलेले. दुसऱ्या पानावरही लिहिण्याजोगे काही सापडले, तर चित्रकार पक्का आहे असे समजायला हरकत नाही.

४. प्रकार बदलला की प्रश्नही बदला

युद्धकथेत सैनिकांचे गणवेश आणि बंदुका अचूक आहेत का, हे तपासण्यात नवखे परीक्षक फार रमतात. ते तपासावेच, पण पान युद्धाबद्दल काय म्हणते, हा प्रश्न त्याआधीचा आहे. जाक तार्दी यांचा पहिल्या महायुद्धातील खंदकांवरचा अल्बम १९९३ मध्ये पूर्ण रूपात आला. त्यातील बहुतेक पाने एकाखाली एक अशा तीन आडव्या, लांबट चौकटींची आहेत. खंदकातून जेवढे दिसते तेवढेच दिसते: वर आभाळाची पट्टी, खाली चिखल. प्रसंग बदलतात, माणसे बदलतात, नायक म्हणावा असा कोणी टिकत नाही, आणि पानाचा साचा मात्र हलत नाही. ही एकसुरी मांडणी दोष नसून म्हणणे आहे, हे ओळखता आले पाहिजे.

आत्मकथनात ‘हे खरे घडले का’ यापेक्षा सांगणारी प्रौढ व्यक्ती आणि चित्रात दिसणारे मूल यांच्यातील अंतर पाहावे. निवेदनाची चौकट प्रौढाची असते आणि फुगा मुलाचा असतो. दोघे एकमेकांशी सहमत आहेत का?

गुन्हेगारी कथेचे उदाहरण म्हणून ‘ब्लॅकसॅड’ घेता येईल. हुआन दियाझ कानालेस आणि हुआन्हो ग्वार्निदो हे दोघे स्पॅनिश, पण मालिका २००० पासून फ्रान्समध्ये आधी प्रसिद्ध होते, आणि तिच्यात १९५० च्या दशकातील अमेरिका जलरंगांत येते. नायक काळा बोका आहे आणि बाकी सगळे प्राणीच. येथे परीक्षकाने विचारावे की प्राण्याची जात पाहूनच स्वभाव कळतो का, आणि कळत असेल तर रहस्यकथेचे काय होते. दुसऱ्या खंडात पांढऱ्या केसाळ प्राण्यांची वंशवादी संघटना येते, तेव्हा ही युक्ती एकाच वेळी धारदारही होते आणि ढोबळही. मला ती ढोबळ अधिक वाटते, पण जलरंगांपुढे मी दर वेळी नरम पडतो, हेही कबूल करायला हवे.

विज्ञानकथेत आणि अद्भुतकथेत कथानकाची जुळणी शोधत बसू नका. मोबियसने १९७५ मध्ये ‘मेताल उर्लाँ’ या मासिकात ‘आर्झाक’च्या कथा काढल्या, त्यांत एकही संवाद नाही आणि शीर्षकाचे स्पेलिंगसुद्धा प्रत्येक भागात वेगळे आहे. अशा पुस्तकाचे कथासार देता येत नाही आणि देऊही नये. याच चित्रकाराने झाँ जिरो या आपल्या खऱ्या नावाखाली १९६३ पासून ‘ब्लूबेरी’ ही काटेकोर वास्तववादी काउबॉय मालिका रेखाटली होती. एकाच हाताची दोन नावे आहेत हे ठाऊक नसल्यास भलतीच तुलना लिहिली जाते.

माहितीपर चित्रकथेत साधनांकडे पाहा. ‘द फोटोग्राफर’ या तीन खंडांच्या ग्रंथात दिदिए लफेव्र यांनी १९८६ मध्ये डॉक्टरांच्या पथकासोबत अफगाणिस्तानात काढलेली छायाचित्रे आणि इमॅन्युएल गिबेर यांची रेखाटने एकाच पानावर येतात. कॅमेरा जेथे नव्हता किंवा उघडता आला नाही, तेथे रेषा येते. छायाचित्र कुठे थांबते आणि चित्र कुठे सुरू होते, याची नोंद करत गेले की परीक्षणाचा अर्धा आराखडा तयार होतो.

वृद्धत्व आणि आजारपण यांवरील पुस्तकांत करुणरसाला भुलू नये. पाको रोका यांच्या ‘आरुगास’ या पुस्तकाला २००८ मध्ये स्पेनचा राष्ट्रीय कॉमिक पुरस्कार मिळाला. त्याच्या सुरुवातीला बँकेचा व्यवस्थापक कर्ज मागायला आलेल्या जोडप्याशी बोलत असतो, आणि पुढच्या काही चौकटींत आपल्याला कळते की ते त्याचे मुलगा-सून आहेत, बँक नाहीच, आणि ते त्याला जेवण भरवू पाहत आहेत. या बदलासाठी ना निवेदन आहे, ना धूसर कडा. चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत एक आयुष्य निसटते. येथे परीक्षकाने ‘डोळे पाणावतात’ लिहून मोकळे होऊ नये. त्या पट्टीच्या अलीकडे काय होते आणि पलीकडे काय आहे, एवढे सांगितले तरी पुरते.

५. अनुवाद आणि अक्षरे यांसाठी स्वतंत्र परिच्छेद ठेवा

‘ॲस्टेरिक्स’ १९५९ मध्ये गोसिनी आणि उदेर्झो यांनी सुरू केला. त्यातील बेसूर गवयाचे फ्रेंच नाव ‘आस्युरान्सतुरिक्स’ आहे. त्यात ‘सर्व जोखमींचा विमा’ ही विमा कंपन्यांची भाषा लपलेली आहे. ॲन्थिया बेल आणि डेरेक हॉकरिज यांनी इंग्रजीत त्याला ‘कॅकोफोनिक्स’ केले. विम्याची कोटी गेली, पण गवयाचा बेसूरपणा नावातच आला. काय गेले आणि त्या जागी काय आले, असे दोन्ही बाजूंनी लिहावे; ‘अनुवाद ओघवता आहे’ हे वाक्य कायमचे खोडून टाका.

अक्षरेही चित्राचा भाग असतात. ‘ब्लू लोटस’ या टिनटिनच्या अल्बममध्ये शांघायच्या भिंतींवरच्या चिनी पाट्या शोभेच्या नाहीत. एर्जेचा चिनी मित्र झांग चोंगरेन याच्या मदतीने त्या खऱ्या मजकुराने भरल्या होत्या, आणि त्यांत ‘साम्राज्यवाद मुर्दाबाद’ अशी घोषणाही आहे. १९३० च्या दशकातील बेल्जियन मुलांना त्यातले अक्षरही वाचता येत नव्हते. भिंग जवळ ठेवायला सांगितले ते यासाठी.

आणखी एक गोष्ट तपासा. काही इंग्रजी आवृत्त्यांत पानाचा आकार लहान केलेला असतो, तर काहींत नग्नतेची चित्रे झाकलेली असतात. मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय ‘चित्रे दाटीवाटीची वाटतात’ असा ठपका चित्रकारावर ठेवू नका.

६. जुन्या पुस्तकांतील पूर्वग्रह

टिनटिनचा काँगोतला प्रवास १९३० च्या सुमारास काढलेला आहे आणि आफ्रिकी माणसांचे त्यातील चित्रण अपमानकारक आहे. १९४६ च्या रंगीत आवृत्तीत एर्जेने शाळेचा प्रसंग बदलला. आधी टिनटिन काँगोतील मुलांना ‘तुमचा देश बेल्जियम’ शिकवत होता, नंतर तो बेरीज शिकवू लागला. माणसांचे चेहरे मात्र तसेच राहिले. असे पुस्तक हातात आल्यास ‘त्या काळी असेच होते’ म्हणून सोडून देऊ नये आणि एका वाक्यात निकालातही काढू नये. कोणत्या आवृत्तीत काय आहे आणि काय बदलले, ते नोंदवावे. ‘ब्लू लोटस’चे कौतुक करतानाही त्यातील जपानी पात्रांची व्यंगचित्रे विसरू नयेत.

‘टिनटिन इन तिबेट’ची मंडळी वाटेत दिल्लीत उतरतात, कुतुबमिनार आणि लाल किल्ला पाहतात, आणि कॅप्टन हॅडॉक रस्त्यात आडव्या आलेल्या गायीच्या पाठीवर स्वार होतो. हे पान वाचताना तुम्हाला हसू आले की ओशाळल्यासारखे झाले, ते प्रामाणिकपणे लिहा. हे पॅरिसच्या परीक्षकाला जमणारे नाही.

७. प्रत्यक्ष लेखन

आठशे ते हजार शब्द पुरेसे असतात. कथानकाला त्यातली एक तृतीयांशापेक्षा जास्त जागा देऊ नका आणि मध्यावरच्या वळणाच्या पुढे जाऊ नका. सुरुवात निवडलेल्या पानाने केली, की लेखकाच्या जन्मगावापासून सुरू करण्याचा मोह टळतो.

श्रेयनामावली पूर्ण द्या: लेखक, चित्रकार, रंगकार, अनुवादक, अक्षरलेखक, मूळ व अनुवादाचे प्रकाशक, दोन्ही वर्षे, पाने, आकार, किंमत. रंगकाराचे नाव सर्रास गळते. ‘व्हालेरियन’ या विज्ञानकथा-मालिकेचे रंग चित्रकार मेझिएर यांची बहीण एव्हलिन त्राँले हिने भरले. त्या अंतराळातील बाजारांची रंगत मेझिएर यांच्याच नावावर टाकणारी परीक्षणे मी वाचली आहेत.

वयोगट स्पष्ट लिहा. आपल्याकडे चित्रे दिसली की पुस्तक मुलांचे, असे समजून ते वाढदिवसाला दिले जाते. हिंसा किंवा लैंगिक प्रसंग असल्यास ते कोरड्या शब्दांत, एका वाक्यात सांगावे.

८. चित्रे छापताना

भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार परीक्षणासाठी मर्यादित उद्धरणाला मुभा आहे. त्याचा अर्थ अख्खी पाने ओळीने लावावीत असा नाही. ज्या चौकटीबद्दल लिहिले आहे तेवढीच द्यावी, खाली चित्रकार आणि प्रकाशक यांची नावे घालावीत, आणि त्याहून जास्त हवे असल्यास प्रकाशकाला पत्र लिहावे. छायाचित्र दिवसाच्या उजेडात, दिव्याची झळाळी टाळून काढावे.

९. पाठवण्यापूर्वी

मजकुरातील चित्रांविषयीची वाक्ये पेन्सिलीने अधोरेखित करा; एकूण मजकुराच्या निम्मी तरी ती असावीत. सगळी विशेषनामे उच्चारांच्या यादीशी ताडून पाहा. अनेक अल्बमना पृष्ठांक नसतात, म्हणून कथेच्या पहिल्या पानापासून मोजून क्रमांक द्या आणि तसे मोजल्याचे लिहा.

लेख गेल्यावर चिठ्ठ्या काढून टाका, पण वही मात्र जपून ठेवा. ‘ब्लॅकसॅड’चा पाचवा खंड २०१३ मध्ये आला आणि सहावा २०२१ मध्ये, मधल्या आठ वर्षांत मी घर बदलले आणि नोंदी रद्दीत गेल्या, म्हणून सहाव्या खंडाच्या परीक्षणाआधी मला पहिल्या पाचांना पुन्हा पहिल्या पानापासून चिठ्ठ्या लावत बसावे लागले.